हजेरीवरचं नाव

मी हे लिहायला घेतलं आहे ही माझी आगाऊगिरीच आहे, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. कॉलेजात मराठीच्या बाईंनी विसरता न येणाऱ्या माणसावर लिहून आणायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी आपापले शिक्षक निवडले, कोणी आजोबा, एकाने तर स्वातंत्र्यसैनिक. माझ्यापुढे एकच माणूस येऊन बसला आणि तो हलेना. तो चांगला माणूस होता असंही मला म्हणता येत नाही. त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, "माज्यावर लिवतोस व्हय रं कारकुना? आदी तुज्या बापावर लिव, त्यानं काय घोडं मारलंय?" तरी लिहितो. चुकलं तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे हमालांच्या खोल्यांची रांग होती. त्यात आमच्या शेजारची खोली येसबातात्यांची. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं आमच्या घरात ऐकू यायचं आणि आमचं त्यांच्या. खोलीत ते आणि काकी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. माझे बाबा आणि तात्या एकाच टोळीत. ट्रकमधून सळ्या, पत्रे, अँगल उतरवायचे आणि चढवायचे, हे टोळीचं काम. टोळीवर मुकादम, आणि मुकादमाच्या वर हमालांच्या भल्यासाठी सरकारनं नेमलेलं बोर्ड. बोर्डाकडे नोंद असलेल्या हमालाला बिल्ला मिळायचा. बिल्ला असला की मजुरीतून फंड कापला जायचा, दुखापत झाली तर मदत मिळायची. बिल्ला नसलेला माणूस म्हणजे रस्त्यावरचा.

तात्या बुटके होते. वर्षानुवर्षं ओझं घेऊन त्यांचा डावा खांदा खाली उतरला होता आणि त्यावर मांसाची एक कडक गाठ तयार झाली होती. आम्ही मुलं लहानपणी ती दाबून बघायचो. ते दाबू द्यायचे आणि मग एकदम ओरडून दचकवायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन दारात बसायचे, मशेरी लावायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाव ठेवायचे. नाव ठेवणं म्हणजे खरोखरच नाव ठेवणं. त्यांनी दिलेलं नाव एकदा चिकटलं की सुटायचं नाही. आबा मुकादमांना ते ताक म्हणायचे, कारण लोणी सगळं व्यापाऱ्याकडे जातं आणि आपल्या वाट्याला हे येतं. मी सातवी पास झालो त्या दिवसापासून कारकून झालो. गोदामाच्या वॉचमनचा एक पाय लहानपणी पोलिओनं गेला होता, त्याचं नाव पावणेदोन. रांगेत शेवटच्या खोलीत एक बाई राहायची, तिचा नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला होता. तिला ते रिकामी गाडी म्हणायचे. ती ऐकू येईल अशा आवाजात म्हणायचे. ती बिचारी त्यांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून नळावर भल्या पहाटे यायला लागली. आई त्यांच्यावर चिडायची. बाबा म्हणायचे, जीभ तेवढी वाईट आहे, माणूस कामाला चोख आहे.

जड माल उचलताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा म्हणून एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी 'हुप्पा' म्हणून उचलायचं, अशी पद्धत असते. आमच्या टोळीत ओळी तात्या म्हणायचे. त्या कुठून पाठ केलेल्या नसायच्या, समोर जो दिसेल त्याच्यावर जागच्या जागी व्हायच्या. व्यापारी शेठ सावलीत उभा असला की, "शेठचं पोट... हुप्पा! उचलंल कोन... हुप्पा! धोतर सुटलं... हुप्पा! धरंल कोन... हुप्पा!" शेठला मराठी येत असूनही हसावं लागायचं, कारण माल अधांतरी असायचा.

त्यांची एक सवय मला फार दिवस कळली नव्हती. पहिल्या हाकेला ते कधीच ओ देत नसत. कोणी "येसबा" म्हणून हाक मारली की ते काम करतच राहायचे. दुसरी हाक आली की मान वळायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस भुतालाही ओ देतो. मला ते खरं वाटलं होतं.

खरं कारण बाबांनी सांगितलं. टोळीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं, फक्त बोलायचं कोणी नाही. येसबातात्यांचं नाव यशवंत नव्हतंच. यशवंत रामा कदम हा त्यांचा थोरला चुलतभाऊ. बाजार मुंबईत होता तेव्हा तो टोळीत लागला, बिल्ला त्याच्या नावावर झाला. पुढे त्याला मुंबईचं पाणी सोसेना. तो साताऱ्याकडच्या आपल्या डोंगरातल्या गावी परत गेला आणि जागा वाया जाऊ नये म्हणून चुलतभावाला पाठवून दिलं. जागा घरातच राहिली, मुकादमाचं काम अडलं नाही, बोर्डाला फोटोतला फरक कळला नाही. दर दिवाळीला गावी यशवंताचा वाटा जायचा. असे लोक बाजारात बरेच होते. बदलीवर आलेला माणूस पहिले काही महिने बदली असतो, मग तो त्या नावाचाच होऊन जातो.

तात्यांचं खरं नाव दगडू बाळू कदम. आईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून देवाला या पोराचा मोह पडू नये असं नाव ठेवलं. तात्या यावर स्वतःच विनोद करायचे, पण फक्त टोळीत, शटर ओढल्यावर. म्हणायचे, "नाव उसनं घेतलं ते ठीक हाय. पर बिल्ल्यावर बाप बी उसना हाय माजा. हाय का कुनाकडं असं सोंग?"

बाबांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र विनोदाची नव्हती. एकदा भर दुपारी बोर्डाचा तपासनीस बाजारात आला होता. सगळ्या टोळ्या उन्हात रांगेत उभ्या करून तो एकेकाचा बिल्ला बघत होता. त्याच वेळी फाटकातून एक म्हातारा आत आला आणि दगडू कदम कुठं असतो म्हणून विचारू लागला. तो तात्यांचा सख्खा मामा. तात्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि त्यांचं नाव घेत होती, म्हणून तो गावाहून आला होता. त्याला सगळे म्हणाले, इथे कोणी दगडू कदम नाही. म्हातारा बाजाराच्या आवारात उभा राहून ओरडायला लागला, "दगड्या, आरं दगड्या." तात्या रांगेत उभे होते. तपासनीस त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता. बाबा म्हणाले, तात्यांनी मान वळवली नाही, पापणीही हलवली नाही. म्हातारा ओरडून ओरडून थकला आणि निघून गेला. तपासनीस गेल्यावर तात्या तसेच घामेजल्या अंगानं एसटीच्या थांब्याकडे पळाले. गाडी गेली होती. ते गावी पोचले तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता.

बाबांनी त्यांना विचारलं, का नाही वळलास, मी सांभाळून घेतलं असतं. तात्या म्हणाले, "आईनंच नाव ठिवलं न्हवं दगड? दगूड हालतो व्हय?" आणि हसले. बाबांना त्या हसण्याची भीती वाटली होती.

मी बारावीला असताना तो अपघात झाला. पत्र्यांचा गठ्ठा उतरवताना साखळी निसटली आणि गठ्ठा तात्यांच्या उजव्या मांडीवर आला. टोळीनं त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे बिल्ला बघून यशवंत कदम असं नाव लिहिलं गेलं, ते बरोबरच होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. जखम वरून भरायची आणि आतून पुन्हा पाझरायची. ओझं उचलणं संपलं हे डॉक्टरांनी सांगण्याआधी सगळ्यांना कळलं होतं. तात्या कुबडी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी पावणेदोन वॉचमन मुद्दाम आमच्या रांगेत आला. त्यांच्या दारासमोर उभा राहून त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "या, पावणेदोन. आता मला काय म्हणणार?" रांगेतली सगळी माणसं हसली. शेवटच्या खोलीतली बाई सर्वांत जास्त हसली.

आता एकच आधार होता. जायबंदी हमालाला बोर्डाची मदत मिळते आणि साठलेला फंड मिळतो. तेवढं मिळालं तर गावी जाऊन एखादं किराण्याचं दुकान टाकता येईल, असं तात्या काकीला सांगायचे. दुकानात बसून गिऱ्हाइकांना नावं ठेवता येतील, एवढीच त्यांची इच्छा होती. मुकादमांनी कागद दाखल केले. मी कॉलेजात जाणार म्हणून मला बरोबर न्यायचं ठरलं.

बोर्डाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जायबंदी झालेल्यांनीच जिथे यायचं ते ऑफिस तिसऱ्या मजल्यावर का, हे मी विचारणार होतो, पण विचारायचं कोणाला ते कळलं नाही. तात्या जिन्यावर पाठ फिरवून बसायचे आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकत वर चढायचे. मी कुबडी घेऊन मागे. वरून उतरणारे बाबू बाजूला व्हायचे. तात्या त्यांना म्हणायचे, "या साहेब, या. बिनउतारूची गाडी हाय, रिवर्समंदी चाललीय." पहिल्यांदा वर पोचलो तर फोटो जुना आहे म्हणून परत पाठवलं. पुढच्या वेळी फोटो नेला तर साहेब दौऱ्यावर. त्यापुढच्या वेळी शिपाई म्हणाला, जेवणाची सुट्टी झाली, तोवर खाली थांबा. तात्या म्हणाले, मी इथंच बाकावर थांबतो. शिपाई म्हणाला, बाक स्टाफसाठी आहे. मग तात्या जमिनीवर बसले.

दवाखान्याच्या कागदानं सगळा घोळ केला. डॉक्टरांनी अंदाजानं पंचेचाळीस वय लिहिलं होतं. बोर्डाच्या नोंदीत यशवंत कदम साठीला टेकलेला होता. चौकशीच्या साहेबांनी ते पकडलं. ओरडले वगैरे नाहीत. उलट फार गोड बोलले. म्हणाले, असं होतं कधीकधी, आपण खात्री करून घेऊ, पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या. त्या दिवशी बरोबर आलेल्या मुकादमांना बाजूला घेऊन त्यांनी हसत सांगितलं की पुरुष खोटं बोलताना तयारीनं येतो, बाईला तेवढं जमत नाही.

तात्यांनी तयारी करून घ्यायला सुरुवात केली. पत्र्याच्या भिंतीतून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"साहेब इचारतोय, बाई, नवऱ्याचं नाव काय. सांग."

पलीकडून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

"आगं सांग की. यसवंत रामा कदम."

"थोरल्या भावजींचं नाव? माज्या तोंडानं?"

इथे मला थोडं सांगायला हवं. काकीच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थोरल्या दिराचं नाव तर त्याहून घ्यायचं नाही. त्याच्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता त्याचं नाव नवरा म्हणून चारचौघांत घ्यायचं होतं.

"तुजा भावजी ऱ्हायला गावात," तात्या म्हणायचे. "हितं यसवंत मी हाय."

"तुमी न्हाई."

"मग मी कोन?"

यावर काकीला काहीच बोलता यायचं नाही, कारण तेही नाव तिला घेता येत नव्हतं. मग भांडं आपटल्याचा आवाज यायचा. बरेच दिवस हे चाललं. शेवटी एका संध्याकाळी तिनं, बहुधा स्टोव्हकडे तोंड करून, ते नाव पुटपुटलं. तात्या म्हणाले, "मदत स्टोला न्हाई मिळायची. मोठ्यानं." तिनं मोठ्यानं म्हटलं. आई जेवताना थांबली आणि बाबांकडे बघत राहिली. बाबांनी मान खाली घातली.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी तात्यांना बाहेर जमिनीवर बसवलं आणि काकीला आत बोलावलं. केबिनला अर्धं दारच होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू जात होतं. काकीनं माझा हात सोडला नाही म्हणून मीही आत गेलो. हा कोण, असं साहेबांनी विचारलं. शेजारचा आहे, कॉलेजात जाणार आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "बस. वर्गात शिकवत नाहीत ते बघायला मिळेल."

मग ते काकीकडे वळले. "बसा बाई. पाणी हवंय? घाबरू नका. एकच प्रश्न आहे, सोपा आहे. मिस्टरांचं नाव सांगा आणि घरी जा."

काकीनं ओठ हलवले, पण आवाज आला नाही. साहेब थांबले. पुन्हा विचारलं. काकी म्हणाली, त्यांनी सांगितलंय की. साहेब म्हणाले, "त्यांनी सांगितलं, आता तुम्ही सांगा. की नवीन लग्न झालंय?"

केबिनच्या कोपऱ्यात बसलेल्या टायपिस्ट बाईंना कीव आली असावी. त्या मध्येच म्हणाल्या, सर, जुन्या बायका नाव घेत नाहीत हो.

"असं होय? मग उखाण्यात घ्या," साहेब म्हणाले. "उखाण्यात चालतं ना? घ्या, आम्हालाही ऐकू दे."

तेवढ्यात चहा घेऊन शिपाई आला, तो दारातच थांबला. बाजूच्या टेबलांवरची माणसं उठून आली. कोणीतरी म्हणालं, आज सरांच्या केबिनमध्ये हळदीकुंकू आहे. सगळे हसले. काकीही कसनुशी हसली. उखाणा घ्यायला उभं राहायचं असतं, म्हणून ती उभी राहिली. पदर सारखा केला, डोळे मिटले. पाठ केलेलं नाव तिनं मनात धरलं असणार, याची मला खात्री आहे. पण तिला उखाणा एकच येत होता. लग्नात शिकवलेला. तो तिनं नवरीच्या आवाजात म्हटला, एका लयीत, न थांबता.

"डोंगराच्या कडंला करवंदीची जाळी,
दगडूरावांचं नाव घेते सांजंच्या वेळी."

टायपिस्ट बाईंनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या ऐकून काकीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, झालं काम. साहेबही टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "छान. दगडूराव. किती वर्षांनी असा उखाणा ऐकला." लिहून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

"दगडूराव, आत या."

बाहेर कुबडी टेकल्याचा आवाज झाला. तात्या पहिल्याच हाकेला उठले होते.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. बिल्ला मागून घेतला आणि खणात टाकला. प्रकरण बंद करत नाही म्हणाले, प्रलंबित ठेवतो. यशवंत रामा कदमला हजर करा, त्याचं त्याला देऊन टाकू. तात्यांनी आपली मांडी उघडी करून दाखवली आणि विचारलं, मग हे कुणाचं? साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "पाय तुमचा आहे. पैसे यशवंतचे आहेत. मी दोघांचंही नुकसान करत नाहीये."

जिना तात्या बसूनच, एकेक पायरी खाली सरकत उतरले.  बसमध्ये काकी खिडकीबाहेर बघत होती. काय झालं ते तिला मी समजावून सांगावं असं मला वाटत होतं, पण तोवर तिला समजलं असावं. ती पदराचं टोक दातांत धरून बसली होती.

घरी आल्यावर तात्यांची जीभ सुटली. दारात बसून त्यांनी सगळ्या रांगेला हकिगत सांगितली, साहेबांची आणि टायपिस्ट बाईंची नक्कल करून. माणसं पोट धरून हसली. मग त्यांनी काकीला बाहेर बोलावलं. "घे गं. साहेबाम्होरं घेतलास तसा." ती नको म्हणाली. "घे. साऱ्या जल्मात एकदा माजं नाव घेतलंस, ते बी बोर्डाच्या कचेरीत. ह्यांनी काय पाप केलंय? ह्यांना बी ऐकू दे." काकीनं उभं राहून, डोळे मिटून उखाणा घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मुकादम आले की त्यांच्यासमोर, पावणेदोन आला की त्याच्यासमोर. काही दिवसांनी माणसं हसेनाशी झाली. बाबांनी एकदा रागावून, पुरे कर येसबा, असं सांगितलं. तात्या म्हणाले, "कोन येसबा? बिल्ला कचेरीत हाय त्याचा. जा, तितं हाक मार."

एका दुपारी मी घरात एकटाच अभ्यास करत होतो. रांगेत कोणी नव्हतं. पलीकडून काकीच्या तांदूळ पाखडण्याचा आवाज येत होता. तात्या म्हणाले, घे की गं पुन्हा. त्या आवाजात थट्टा नव्हती. पाखडणं थांबलं. काकीनं उखाणा घेतला, अगदी हळू.  मग पुन्हा पाखडणं सुरू झालं. याचा अर्थ मला सांगता येणार नाही. मी ऐकलं तेवढं लिहिलं.

टोळीत त्यांच्या जागी नवा माणूस आला आणि त्याला खोली हवी होती. मुकादमांनी साताऱ्याकडे सळ्या घेऊन जाणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरला सांगितलं. जाण्याच्या दिवशी सगळी टोळी काम थांबवून आली. तात्यांना ट्रकवर चढता येईना, तेव्हा आठदहा जणांनी त्यांना खालून धरलं. ओळ म्हणायला कोणी नव्हतं. तात्यांनीच म्हटली, माणसांच्या हातांवर आडवं असताना. "दगूड हाय... हुप्पा! फुकटचा हाय... हुप्पा! जपून ठेवा... हुप्पा! फुटंल कोन... हुप्पा!" टोळीला हसू आवरेना आणि हसताना त्यांची पकड सुटायला लागली, तसे तात्या वरून शिव्या देऊ लागले. काकी गाठोडं घेऊन आधीच वर बसली होती. ट्रक फाटकाकडे वळला तेव्हा ते सळ्यांना पाठ टेकून, वाकडा पाय पुढे पसरून बसले होते. मला बघून ओरडले, "कारकुना, बी.ए. झालास की माज्या नावाचा दाखला दे." मी विचारलं, कुठल्या नावाचा? "ते तूच ठरीव," म्हणाले. मी त्यांना पाहिलं ते एवढंच.

त्यानंतर मी पनवेलच्या कॉलेजात लागलो. बाबांची पाठ धरली, त्यांनी टोळी सोडली आणि आम्ही खोली बदलली. गावाकडची खबर कोणी आणली नाही आणि मीही पत्र लिहिलं नाही, कारण पाकिटावर काय नाव घालावं ते ठरेना. यंदा दसऱ्यानंतर बाजारात काही कामासाठी गेलो होतो, तेव्हा चहाच्या टपरीवर आबा मुकादम भेटले. त्यांनी सांगितलं.

तात्या आषाढात गेले. मांडीची जखम पुन्हा उघडली होती, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायच्या आत गेले. त्याच सुमारास बोर्डात नवे साहेब आले होते आणि जुनी पडून राहिलेली प्रकरणं निकाली काढत होते. यशवंत रामा कदम यांनी पत्नीसह स्वतः हजर राहावं, असा निरोप मुकादमांकडे आला. मुकादम स्वतः गावी गेले. तात्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. थोरला यशवंत अंगणात बसला होता. निरोप ऐकून तो म्हणाला, माझ्याच नावाचे पैसे, मी का जाऊ नये? अर्धे मला, अर्धे तिला. काकी उंबऱ्याच्या आत उभी होती.  आत जाऊन लुगडं बदलून आली.

तिघं एसटीनं आले. पायाचे कागद आधीच्या साहेबांच्या वेळचे होते, ते कोणी पुन्हा तपासणार नव्हतं, फक्त लंगडायचं होतं. कुठल्या पायानं लंगडायचं ते काकीनं थोरल्या दिराला वाटेत सांगितलं. गाव मागे पडल्यावर तिनं पिशवीतून करंडा काढला आणि कुंकू लावलं. मुकादमांनी पनवेलला उतरल्यावर आपल्या बायकोच्या हातातल्या बांगड्या तिच्यासाठी मागून आणल्या.

"आन मग?" मी विचारलं.

मुकादमांनी चहाचा ग्लास टेबलावर ठेवला. म्हणाले, नवे साहेब घाईत होते, त्यांनी वर बघितलंही नाही. बाई, नवऱ्याचं नाव, एवढंच विचारलं. "यसवंत रामा कदम, म्हनली. मोठ्यानं म्हनली, पार भायेर ऐकू आलं. एकदा बी अडखळली न्हाई बग."

अर्ध्यातलं तिला पुढे किती मिळालं, ते मुकादमांनी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, खाली आल्यावर थोरला पैसे मोजत उभा राहिला आणि ती नळाकडे गेली. आधी कपाळ धुतलं, मग पाणी प्याली.